कोष्टीबोडी, दुरुस्ती सातवी

पहिल्या नकाशात मी बाक ठेवले होते
पाण्याकडं तोंड करून, कहूच्या सावलीत, चार.
कागदावर फार देखणे दिसत होते.
शेवंताबाई मारबत्यांनी चष्मा पुसला,
बाकावर बोट ठेवलं, म्हणाल्या,
“हे उलटे कर वं पोरी.
पाणी तं आमी जल्मापासून पाह्यतो.
मांगून कोन येते, ते दिसू दे.”

दुरुस्ती पहिली.

महापालिकेला दगडी काठ हवा होता,
चारी बाजूंनी सरळ, ओळंब्यात,
आणि मधोमध कारंजं, रंग बदलणारं.
मला पाणकणीस हवं होतं
आणि एकास सहाचा उतार,
पाणकोंबडीच्या पिल्लाला
पडून, धडपडून, पुन्हा चढता येईल असा.
वस्तीला हवा होता
धुणं आपटायला एक खडबडीत दगड,
पोरांना बावीस यार्ड,
आणि गोधड्या वाळवायला ऊन.
ऊन!
मी तर दिसेल तिथं सावली पेरत चालले होते.
नागपूरच्या मे महिन्यात, शेहेचाळीस अंशांत,
सावली कुणाला नको असेल?
गोधड्यांना नको होती.
तीन करंज खोडले. एक मुद्दाम ठेवला,
त्यावरून अजून भांडण आहे.

दौलत मारबते काही बोलले नाहीत.
ट्यूब खांद्यावर घेऊन पाण्यापर्यंत चालत गेले,
हात पसरून मोजलं,
“सात हात मोकळं सोडा. तेवढ्यातून
शिंगाडा भाईर निंगते.”
सात हात म्हणजे किती मीटर, हे मी
त्यांच्याच हातांवर टेप लावून लिहून घेतलं.

मग दिवे.
चिंचेवर वटवाघळं होती, साठेक.
मी गुडघ्याएवढे दिवे काढले, जमिनीकडं वाकलेले,
आकाश काळंच राहील असे.
प्राची हेडाऊ दवाखान्यातून रात्री अकराला परतते.
ती म्हणाली, “मॅडम, तेवढ्या उजेडात
चप्पल दिसते. चेहरा नाही दिसत.”
वळणावर दोन उंच खांब आले.
वटवाघळं महिनाभर भिरभिरली
आणि एका संध्याकाळी चिंच रिकामी.
मी तारीख टाकून नोंद केली.
प्राची वेळेवर घरी पोचते
याला माझ्या तक्त्यात रकाना नव्हता.
आखला. पण त्यानं पहिला रकाना
भरून निघत नाही.

आणि पायवाट.
माझी होती काठाकाठानं वळणारी, मुरुमाची, रोलर फिरवलेली.
दोन महिन्यांत लोकांनी दुसरी पाडली,
तिरपी, गवतातून, थेट कोष्टीपुऱ्यात.
ठेकेदारानं काटेरी तार लावली.
सकाळी तार नव्हती.
पुन्हा लावली. पुन्हा नव्हती.
तिसऱ्यांदा मी म्हटलं, राहू द्या,
आणि टेप घेऊन त्या वाटेवर उकिडवी बसले.
रुंदी दोन फूट चार इंच.
पावसात जिथं काळी माती फुगते, तिथून ती अलगद बाजूला होते,
वारुळाला वळसा घालते, वारुळावर हळद,
सायकल उतरेल एवढाच उतार धरते.
मी लेव्हल मशीन लावून
याहून चांगली काढली असती का, माहीत नाही.
काढली नव्हती, एवढं खरं.

दुरुस्ती सातवी:
मुरुमाची वाट रद्द. तिथं गवत येऊ द्यावं.
लोकांची वाट कायम, आहे त्या रुंदीची.
अर्धं पाणकणीस मेलंय, अर्धं माजलंय.
कारंज्याचा पाइप आणून ठेवलाय,
अजून कुणी जोडलेला नाही,
त्यात सध्या एक मुंगूस राहतं.

कागद गुंडाळून मी बाकावर टेकले.
समोर रस्ता, दळणाचा डबा नेणारा पोरगा,
पाठीशी पाणी.
पाणकणसात काहीतरी सळसळलं,
मग बारीक, एकामागून एक, टुपटुप.
वळून पाहावंसं वाटलं.
तेवढ्यात शेवंताबाई आल्या, डोक्यावर टोपलं,
टोपल्यात ओले शिंगाडे.
“सरक,” म्हणाल्या.
मी सरकले.